नायट्रोजनचा हिशोब खाडीवर येऊन करा: दिल्लीतल्या पाच खात्यांना खुलं पत्र

प्रति,
खतं, शेती, पर्यावरण, शहरी विकास आणि मत्स्य या पाचही खात्यांमधले साहेब नि मॅडम,
नवी दिल्ली

नमस्कार. पाच खात्यांना मिळून एकच पत्र लिहितोय, कारण कुठल्या एकाला लिहावं ते कळेना. युरिया एका खात्याकडे, तो ज्या भातात पडतो ते भात दुसऱ्याकडे, भातातून पाणी ज्या नदीत जातं ती नदी तिसऱ्याकडे, त्याच नदीला येऊन मिळणारी शहराची गटारं चौथ्याकडे, आणि हे सगळं शेवटी जिथे पोचतं त्या खाडीतली मासळी पाचव्याकडे. नायट्रोजन मात्र एकच आहे, तो काही खातं बघून वाहत नाही. नायट्रोजन प्रदूषण कमी करायचं राष्ट्रीय धोरण हवं अशी चर्चा बरीच वर्षं कानावर येतेय, म्हणून म्हटलं ते करताना कोकणातनं कोणीतरी बोललेलं बरं, नाहीतर पंजाब-हरयाणाच्या मापाचा सदरा शिवून आम्हाला घालाल.

मी राजापूर तालुक्यातला. गावच्या सोसायटीत खतवाटप बघतो, म्हणजे ते आधारचं अंगठ्याचं मशीन असतं ना, त्याच्या मागे बसणारा माणूस. शास्त्रज्ञ नाही, पण कोण किती गोण्या नेतो, कधी नेतो नि त्याचं पुढे काय होतं हे मला तुमच्या डॅशबोर्डपेक्षा जास्त माहीत आहे.

गावात हा विषय काढला की पहिला प्रश्न हाच येतो, हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, मग त्याचं प्रदूषण कसलं आलंय? बरोबर आहे, हवेतला नायट्रोजन कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण हेबर नावाच्या जर्मन माणसाने 1909 च्या सुमारास हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करायची युक्ती काढली, 1913 ला त्याचा कारखाना सुरू झाला, आणि तिथून हा गप्प बसलेला वायू खत होऊन शेतात यायला लागला. त्यावर निम्मं जग जेवतंय हे खरंच आहे, मी खताच्या विरोधात अजिबात नाही, माझं पोट त्यावर आहे. भानगड एवढीच की भाताला घातलेल्या नत्रातला, म्हणजे नायट्रोजनमधला, साधारण तिसरा हिस्सा भाताला मिळतो, बाकीचा जातो. अमोनिया होऊन हवेत, नायट्रेट होऊन विहिरीत नि पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, आणि थोडा नायट्रस ऑक्साइड होऊन वर, जो कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो असं हवामानवाले म्हणतात आणि वर ओझोनलाही खातो.

हे सगळं तुम्हाला पाठ आहे. 2019 च्या मार्चमध्ये नैरोबीला युनोच्या पर्यावरण सभेत शाश्वत नायट्रोजन व्यवस्थापनाचा ठराव आपल्याच देशाने पुढे आणला होता, त्याच वर्षी ऑक्टोबरात कोलंबोला 2030 पर्यंत नायट्रोजनची नासाडी निम्म्यावर आणायचं जाहीरनाम्यात आलं, 2022 ला मॉन्ट्रियलच्या जैवविविधता करारात परत तेच, निम्मं, 2030. त्याच्याही आधी 2017 च्या नोव्हेंबरात पंतप्रधानांनी मन की बातमध्ये शेतकऱ्यांना 2022 पर्यंत युरिया निम्मा करा म्हणून सांगितलं होतं. तेव्हा देशात वर्षाला साधारण 300 लाख टन युरिया लागत होता, 2022-23 ला 350 लाख टनांच्या वर गेला. म्हणजे इच्छा आहे, भाषणं आहेत, सही पण आहे, फक्त आकडा उलट्या दिशेने पळतोय. आता त्यात शेतकऱ्याला दोष देऊ नका, 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशाला मिळते, त्या भावात दुसरं काय मिळतं सांगा. 2010 ला बाकीच्या खतांना अन्नद्रव्यावर आधारित सबसिडी लावलीत आणि युरियाला बाहेर ठेवलंत, तेव्हापासून स्फुरद-पालाश (फॉस्फरस-पोटॅश) महाग, नत्र स्वस्त. माणूस स्वस्त तेच टाकणार ना.

आता आमच्याकडची गंमत ऐका. कोकणात हेक्टरी खताचा वापर पंजाबच्या जवळपास पण नाही, म्हणून तुमच्या नकाशावर आम्ही हिरवेगार, प्रश्नच नाही. पण आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो पण चार महिन्यांत, जमीन जांभ्याची, उताराची, आणि सह्याद्रीपासून समुद्र अगदी जवळ. राजापुरात अर्जुना नि कोदवली या नद्या भेटतात, तिथनं जैतापूरच्या खाडीतून थेट समुद्र. घाटमाथ्यावर पडलेलं पाणी दुसऱ्या दिवशी खाडीत. वाटेत ते थांबेल, मुरेल, गाळ खाली बसेल असं काही नसतं इथे. त्यामुळे आम्ही कमी घालतो पण त्यातलं किती राहतं हा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो कोणी विचारतच नाही.

त्यात ती गोणी. साहेब, हा मुद्दा नीट वाचा, कारण हा दिल्लीतनं दिसणार नाही. भाताला हेक्टरी 100 किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे गुंठ्याला एक किलो नत्र, म्हणजे दोन सव्वादोन किलो युरिया. 45 किलोची गोणी वीस-एकवीस गुंठ्यांना पुरते, ते पण तीन हप्त्यांत विभागून. आमच्याकडे माणसाची शेती किती, तर चार गुंठे मळ्यात, तीन गुंठे व्हाळाकाठी, पाच गुंठे चुलत्याबरोबर सामायिक. माझ्या समोर येणारे अर्धेअधिक असेच आहेत. पण गोणी येते ती 45 चीच. मशीनवर अंगठा लागला, गोणी डोक्यावर चढली की माझं काम संपलं, किती गुंठ्याला नेतोस हे मशीन विचारत नाही. आता उरलेल्या युरियाचं तो काय करणार? जुलैच्या हवेत उघडलेली गोणी चार दिवसांत पाणी सोडते नि नंतर तिचा दगड होतो. एक म्हातारे काका दरवर्षी येतात, मी म्हटलं काका अर्धीच टाका, तर म्हणाले, "नि अर्धी ठेवू खय? घरात ठेवली तर धोंडा व्हतो तिचा, त्यापेक्षा भाताला खाऊ दे." टाकतात सगळी. श्रावणात जरा ऊन पडलं की खाचरात पाणी असताना वरनं फेकतात, संध्याकाळी ढग येतात, रात्री बांधावरनं पाणी जातं, आणि सकाळी भाताने किती खाल्लं नि पऱ्याने किती नेलं ते देवाला ठाऊक.

तर पहिली मागणी एकदम साधी आहे, त्याला समिती नको. कोकणासारख्या तुकड्यातुकड्याच्या शेतीसाठी दहा किलोची युरियाची पिशवी काढा. आमच्याच रायगड जिल्ह्यात थळला आरसीएफ या सरकारी खत कंपनीचा एवढा मोठा कारखाना 1985 पासून उभा आहे, त्यांना सांगितलं तर पिशव्या भरणं काय अवघड आहे? 50 ची गोणी 45 ची केली होतीत ना 2018 ला, शेतकरी सवयीने गोण्या मोजून टाकतो म्हणून वापर आपोआप कमी होईल असा हिशोब होता तो. मग तोच हिशोब जरा खाली उतरवा.

आता पीएम-प्रणाम योजना. 2023 ला आली. ज्या राज्यात रासायनिक खताचा खप आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा कमी होईल त्या राज्याला वाचलेल्या सबसिडीतला अर्धा भाग मिळणार. वाचायला छान आहे. पण आमच्याकडे खप कमी होतो तो का होतो माहितीय का? शेत पडीक पडतं म्हणून. मुलगा मुंबईला, म्हातारी एकटी, लावणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, नि वाढवलंच तर डुक्कर नि माकडं ठेवत नाहीत. गणपतीला चाकरमानी येतो, मळ्यात कमरेएवढं गवत बघतो नि परत जातो. अशा शेताला युरिया लागत नाही हे खरं. आता हे तुमच्या रजिस्टरात 'खत बचत' म्हणून जमा होणार असेल आणि त्यावर बक्षीस मिळणार असेल तर हसावं का रडावं तुम्हीच सांगा. विकलेल्या गोण्या मोजून नायट्रोजनचं धोरण चालत नाही. किती गेलं वाहून, ते मोजायला लागेल.

आता जरा चांगली गोष्ट सांगतो, कारण उत्तर इथेच पडलंय. चारसूत्री भातशेती तुमच्यापैकी शेती खात्यातल्या कोणाला तरी आठवत असेल, डॉ. एन. के. सावंतांनी मांडलेली. भाताचा पेंढा-तूस शेतालाच परत, बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलात, दोरी धरून 15-25 सेंटिमीटरवर लावणी, आणि चौथं सूत्र म्हणजे युरिया नि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) यांची गोळी, ब्रिकेट. पावणेतीन ग्रॅमच्या आसपास एक गोळी, सुपारीपेक्षा लहान. लावणी झाली की त्याच दिवशी चार चुडांच्या, म्हणजे लावलेल्या रोपांच्या, मधोमध एक गोळी अंगठ्याने सात ते दहा सेंटिमीटर खाली चिखलात दाबायची. बस. खाली हवा नाही, त्यामुळे तिथे अमोनियाचं नायट्रेट पटकन होत नाही, ते मातीला धरून बसतं आणि मुळं खातात तसतसं सुटतं. वरच्या पाण्यात नत्र जवळपास नाहीच, मग बांधावरनं पाणी गेलं काय नि राहिलं काय. गुंठ्याला सव्वासहाशे गोळ्या, वजनाने पावणेदोन किलोच्या आत, आणि हेक्टरी नत्र 57 किलो, शिफारशीच्या 100 च्या जागी. परत श्रावणात खत फेकायचं कामच नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पण कोकण अन्नपूर्णा नावाची गोळी काढलीय. म्हणजे निम्म्याच्या जवळपास कपात करणारं तंत्र मॉन्ट्रियलला सही व्हायच्या कितीतरी आधी कोकणात तयार होतं!

मग सगळे का करत नाहीत? आमच्या वाडीतल्या एका वहिनींनी दोन वाक्यांत सांगितलं, "भावोजी, भात चांगला येतो, पण दिवसभर लावणी करून परत ओणवं होऊन गोळ्या कोण दाबणार? आणि मजुरी काय तुमची सोसायटी देणार?" बरोबर बोलल्या. युरिया फेकायला एक माणूस नि अर्धा तास, गोळ्या दाबायला चार बायका नि दिवस. सरकार सबसिडी देतं ती गोणीला, कमरेला नाही. आणि दुसरं कारण माझ्या बाजूचं, गोळ्या वेळेवर येतच नाहीत. लावणी ऐन भरात आल्यावर मला फोन येतो की माल निघालाय, पोचतो तेव्हा निम्मी लावणी झालेली, मग तो माल पडून राहतो, आणि पुढच्या वर्षी वरचे साहेब म्हणतात की तुमच्याकडे मागणीच नाही. मागणी नाही कशी, मागणी होती जूनच्या शेवटच्या आठवड्यात!

त्याऐवजी आम्हाला काय मिळालं, तर पातळ नॅनो युरियाची बाटली. नॅनो युरियाबद्दल शास्त्रज्ञांमध्ये वाद आहेत, त्यात मी पडत नाही, पण एका हंगामात गोण्यांबरोबर बाटल्या घेतल्याच पाहिजेत अशी सक्ती आमच्यावर झाली हे सांगतो. कोणी केली ते लिहीत नाही, ज्याने केली त्याला माहितीय. शेतकरी बाटली घेतो, कारण त्याशिवाय गोणी नाही, आणि घरी जाऊन ठेवतो माळ्यावर. तुमच्या रिपोर्टात बाटल्यांचा खप वाढला. पानावर फवारायची वस्तू कोकणातल्या जुलैत कधी फवारायची, हे कोणी सांगितलं तर उपकार होतील, दोन तासांची उघडीप मिळत नाही इथे.

म्हणून दुसरी मागणी, गोळी दाबायच्या मजुरीला पैसे द्या. रोजगार हमीतनं द्या, सबसिडीतनं वळवा, तुमचं तुम्ही बघा. जो युरिया वाचला त्याची सबसिडी वाचलीच ना, गोणीवरच छापलेलं असतं सरकार किती भरतं ते, त्यातले थोडे त्या वहिनींच्या हातात पडले तर खजिन्याला तोशीस नाही. आणि गोळ्या बनवायचं मशीन तालुक्याच्या ठिकाणी, बचत गटाकडे, माल मे महिन्यात तयार. आणि भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर आमच्याकडे कुळीथ, वाल, पावटा व्हायचा, ती कडधान्यं हवेतला नायट्रोजन फुकटात जमिनीत आणतात, कारखाना नको नि धूर नको. आता वानरांमुळे कोणी पेरत नाही. वानरांचा बंदोबस्त हा नायट्रोजन धोरणाचा भाग आहे असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल, पण आहे.

एक धसका मात्र आहे तो बोलून टाकतो. ज्या श्रीलंकेत 2019 चा जाहीरनामा झाला त्याच देशाने 2021 ला एका फटक्यात रासायनिक खतांवर बंदी घातली, भाताचं उत्पादन कोसळलं, नोव्हेंबरात बंदी मागे घेतली. तसलं काही करू नका. हॉलंडमध्ये पण 2019 ला नायट्रोजनवरच्या कोर्टाच्या निकालानंतर सरकार घाईघाईने जागं झालं आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले. वीस वर्षं झोपायचं नि एका रात्रीत धावायचं, हे नको.

आणि हो, सगळं शेतकऱ्यावर ढकलू नका. माणसाच्या मलमूत्रात पण नायट्रोजनच आहे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांसाठी 2015 ला जो मसुदा काढलात त्यात एकूण नायट्रोजन लिटरला 10 मिलिग्रॅमच्या आत हवा असं होतं, 2017 च्या अंतिम अधिसूचनेत ती ओळच गायब. 2019 ला हरित लवादाने कडक मानकं लावा म्हणून सांगितलं. मधल्या दोन वर्षांत नायट्रोजन काय निरुपद्रवी झाला होता? कोकणातल्या बऱ्याच गावांत-शहरांत तर केंद्रच नाही, शोषखड्डे आहेत, जांभा दगड सच्छिद्र, खड्डा नि विहीर एकाच कातळात. आता प्रत्येक किनाऱ्यावर होमस्टे झालेत, मे महिन्यात एका घरात तीस माणसं, खड्डा तोच जुना चार माणसांचा. तो उपसणारा टँकर रात्री कुठे रिकामा होतो हे गावात सगळ्यांना माहीत असतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नको, तान्ह्या बाळाला त्याने धोका असतो, पण आमच्याकडे विहिरीचं पाणी तपासायचं म्हणजे जंतू बघतात, नायट्रेट विचारलं तर "ते कशाला?"

कारखान्यांचं पण तेच. नदीत सोडायच्या सांडपाण्यात अमोनियाचा नायट्रोजन लिटरला 50 मिलिग्रॅमपर्यंत चालतो असा सर्वसाधारण नियम आहे. लिटरमागे! दिवसाला किती लिटर, आणि त्या एका खाडीला मिळून किती कारखान्यांचे किती लिटर, त्याचा एकत्र हिशोब त्या नियमात नाही. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीचं पाणी दाभोळच्या खाडीकडे, महाडचं सावित्रीला. प्रत्येकाने नियम पाळला तरी खाडीच्या वाट्याला एकूण काय येतं हे कोणाच्याच टेबलावर नाही.

समुद्राचं मी जपून लिहितो. अरबी समुद्रात ऑक्सिजन कमी असलेला पट्टा मुळातच आहे, तो युरियाने केलेला नाही. पण गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2000 सालीच मांडलं होतं की आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्याच्या शेवटी ऑक्सिजन जवळपास संपतो, तिथून नायट्रस ऑक्साइड सुटतो, आणि जमिनीवरनं येणारा नायट्रोजन हे वाढवत असावा. याला आता पाव शतक झालं. आमचे खाडीत जाळं टाकणारे लोक शास्त्रातलं काही बोलत नाहीत, ते एवढंच सांगतात की पूर्वी अमुक ठिकाणी कालवं, मुळे असे शिंपले मिळायचे, आता चिखलाला वास येतो. त्यांची नुकसानभरपाई कुठल्या खात्याच्या कुठल्या योजनेत बसते? मत्स्य खातं म्हणतं प्रदूषण मंडळाला विचारा, मंडळ म्हणतं नमुने मर्यादेत आहेत.

म्हणून तिसरी मागणी, आणि माझ्या दृष्टीने हीच मुख्य. राष्ट्रीय धोरण कराल तेव्हा त्याचं माप जिल्ह्यात विकलेल्या गोण्या हे ठेवू नका. प्रत्येक नदीच्या खाडीच्या तोंडावर एकूण नायट्रोजन मोजा, जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात, ऑगस्टात खतं पडल्यावर, आणि मे महिन्यात पर्यटक असताना. तीन वेळा मोजलंत की शेत किती, शहर किती, कारखाना किती हे बऱ्यापैकी कळेल. आकडा गावात बोर्डावर लावा, ज्या खोऱ्याचा आकडा खाली आला त्या खोऱ्यातल्या ग्रामपंचायतींना पीएम-प्रणामचे पैसे द्या. आणि पाच खात्यांच्या वर एक माणूस नेमा, ज्याला 2030 ला विचारता येईल की बाबा, निम्मं झालं का.

मोजणीला माणसं लागली तर आमच्याकडे दापोलीचं विद्यापीठ आहे, रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे, मुलं होड्यांतनं जातील. मशीन मी चालवतो, त्यात अंगठ्याच्या जोडीला 'किती गुंठे' एवढा एक रकाना टाकून दिलात तर तोही भरून पाठवीन, वेगळा भत्ता नको. फक्त येत्या खरिपाचा ब्रिकेटचा कोटा ठरवताना माल 20 मेच्या आत तालुक्याला पोचेल असं लेखी आलं पाहिजे, नंतर पाठवणार असाल तर यंदा पण पाठवू नका, माझ्याकडे गोदामात जागा नाही.

आपला,
सोसायटीच्या खताच्या काउंटरवरचा एक जण
ता. राजापूर, जि. रत्नागिरी